जोडावरची चौदा घरं

आमच्या उपनगरात माणसाची पत ठरते ती तो कोणत्या साली इथं राहायला आला यावरून. दोन अनोळखी म्हातारे बागेतल्या बाकावर शेजारी बसले, की तिसऱ्या वाक्याला प्रश्न येतोच, "तुम्ही कधीचे?" समोरचा आपल्यानंतर आलेला निघाला तर विचारणाऱ्याची पाठ ताठ होते. आधीचा निघाला तर तो हवापाण्यावर घसरतो. आणि आधीचा असो की नंतरचा, एक वाक्य सगळ्यांचं सारखं असतं : "आम्ही आलो तेव्हा इथं काहीच नव्हतं."

मीही हे वाक्य पुष्कळदा बोललो आहे. माझ्या तोंडी ते खोटं होतं.

इथला मूळचा असा कुणी नाही. शहरात जागा पुरेना, तेव्हा कुणीतरी नकाशावर शहराच्या बाहेर बोट ठेवलं आणि म्हटलं, इथं. आधी कागदावर रस्ते झाले, मग जमिनीवर. पहिल्या वर्षी वीस-बावीस घरं होती, पाणी टँकरने यायचं आणि शहराला जाणारी बस एकच, सकाळी सात दहाची. ती पुरुषांना घेऊन जायची आणि संध्याकाळी चुरगळलेल्या शर्टांनिशी परत आणून टाकायची. मधला दिवसभर इथं बायका, पोरं आणि कुत्री. पुढं बाजार आला, शाळा आली, एक सिनेमागृह आलं आणि त्याचं फर्निचरचं दुकान झालं. बैठ्या घरांवर मजले चढले, मग मजल्यांसकट घरं पाडून इमारती झाल्या. पोरं शिकली आणि शहराच्याही पलीकडे, विमानाने जावं लागेल इतक्या लांब गेली. आता दुपारी गल्लीतून चाललं की एका घरातल्या टीव्हीचा आवाज संपतो तिथं पुढच्या घरातल्या टीव्हीचा सुरू होतो, इतकंच. मालिका बहुधा तीच असते.

उपनगराला पन्नास वर्षं झाली म्हणून समितीने स्मरणिका काढायचं ठरवलं. समितीचे अध्यक्ष म्हणजे 'पहिले'. त्यांचं खरं नाव आता त्यांच्या घरच्यांनाही आठवावं लागत असेल. त्यांच्या वडिलांनी इथलं पहिलं घर बांधलं, फाटकावर तशी संगमरवरी पाटी आहे, म्हणून ते 'पहिले'. वाचनालयात माझ्या ठरलेल्या खुर्चीपाशी येऊन ते म्हणाले, "पुस्तकराव, इतिहास तुम्ही लिहायचा. दिवसभर वाचता ते सगळं जातं तरी कुठं? काढा की थोडं बाहेर." पुस्तकराव म्हणजे मी. मला नाही म्हणता येत नाही, आणि हो म्हणताना आवाज फुटत नाही, म्हणून मी मान हलवली.

त्यांना पाहिजे होता तो इतिहास मला येत होता, कारण त्याचा पहिला कागद माझ्याच हातचा आहे. नोकरीला लागलो तेव्हा मी नगररचना कचेरीत ट्रेसर होतो. मोजणीवाले जागेवर जाऊन साखळी टाकत, मापं वहीत उतरवत. त्यावरून आम्ही मेणचट ट्रेसिंग कापडावर शाईने नकाशा काढायचो. या भागाचा नकाशा बारा तुकड्यांत होता. सातवा माझ्याकडे, आठवा शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या ढापण्याकडे. ढापण्या म्हणजे जाड चष्म्याचा, सदा हसतमुख माणूस. तो जाऊन आता नऊ वर्षं झाली.

नकाशाचे दोन तुकडे जिथं जुळतात तिथं दोन बोटं रुंदीची पट्टी दोन्ही कागदांवर येते. दोघांनीही ती भरली तर रेघा जराशा सरकतात आणि जोड दुहेरी दिसतो. म्हणून आमच्या कचेरीत रिवाज होता : ज्याचा कागद आधी संपेल त्याने पट्टी कोरी ठेवायची, मागाहून संपवणाऱ्याने पहिल्याचा कागद खाली घेऊन ती भरायची. एका शनिवारी, अर्ध्या दिवसाच्या सुट्टीआधी, ढापण्याने पैज लावली, जो मागं राहील त्याने चहा पाजायचा. आम्ही दोघंही मान खाली घालून असे सुटलो की शिपाई येऊन बघून गेला. आणि दोघांनी एकदमच पेन ठेवलं.

"झालं!" तो म्हणाला.

"माझं आधी झालं," मी म्हणालो. मी जन्मात कुणाशी वाद घातला असेल तर तो हा.

"हट्! तुझी शाई अजून ओली आहे. फुंकर मार, उडेल."

"तुझीही ओली आहे."

"माझी वाळतेय, तुझी ओली आहे. फरक असतो, बाळा."

चहाचा निकाल लागला नाही. पुढे कितीतरी दिवस आम्ही त्यावरून एकमेकांना टोमणे मारत होतो. कागद मात्र त्याच दुपारी नळकांड्यात घालून वर गेले, आणि दोघंही आधी संपवणारे असल्यामुळे दोघांचीही पट्टी कोरी गेली.

त्या पट्टीत चौदा घरं होती.

मला ती माहीत होती, कारण मोजणीच्या दिवशी वही लिहायला माणूस कमी पडला म्हणून मला धाडलं होतं. वीटभट्टीवर काम करणाऱ्यांची ती ओळ. जादा भाजलेल्या, वाकड्या झालेल्या, विकल्या न जाणाऱ्या विटांची बुटकी घरं, वर पत्रे, सगळ्यांची तोंडं उगवतीला. ऊन मरणाचं होतं. एका दारात एक तरुण बाई विटांचा साचा घासत बसली होती. रांगणारं पोर भट्टीकडे जाऊ नये म्हणून तिने ते कापडाच्या लांब पट्टीने दाराच्या खांबाला बांधलं होतं. तिने न मागता मला पाणी दिलं आणि म्हणाली, "लिहिताय ते नीट लिहा हो. आमचं दार निळं आहे, तेही लिहा." साखळीवाले हसले. मी खरंच वहीत 'निळं दार' असं लिहिलं होतं.

आठ दिवसांनी छापील प्रती आल्या तेव्हा मला जोडावर पांढरी पट्टी दिसली. मी ढापण्याला बाजूला घेतलं. त्याने चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाला, "वर साहेबांची सही झाली आहे. आता बोललास तर दोघांची मानगूट धरतील. आणि भट्टी काय जन्माची आहे? बंद झाली की जातील ती माणसं. गप बस."

गप बसणं मला कधीच जड गेलेलं नाही.

पुढची हकिगत मी फायलीत वाचली. त्या जागेवर चार रस्ते एकत्र येणारा मोठा चौक आखला होता, आणि शेरा होता, 'मोकळी जागा'. मोकळ्या जागेवर राहणाऱ्यांना काही द्यायचं कारणच नव्हतं. भट्टी मात्र राहू दिली, कारण नव्या घरांना विटा लागत होत्या. माणसं कालव्याच्या पलीकडे गेली आणि तिथून रोज चालत येऊन आमच्या घरांच्या विटा पाडत राहिली. घरं पुरी झाल्यावर भट्टीही बंद झाली. तीन वर्षांनी कचेरीतल्या लोकांना इथं भूखंड मिळाले. मलाही चौथ्या गल्लीत मिळाला. राहायला आलो तेव्हा चौकात गोल कठडा होता, आत हिरवळ होती. मी शेजाऱ्याला म्हणालो, वा, छान मोकळं आहे.

हे सगळं मी विसरलो होतो असं म्हणायला मला आवडलं असतं.

गेल्या वर्षी एक म्हातारी रोज सकाळी चौकात येऊ लागली. वाहनांच्या मधून, कुणाकडे न बघता, सरळ रेषेत चालत यायची, कठड्याच्या फटीतून आत शिरायची आणि हिरवळीच्या एका ठरावीक जागी बसायची. हाताने समोरची दोन-तीन हात जागा झाडून घ्यायची. माळी आधी ओरडला, मग कंटाळला. पोरं तिला 'चौकातली आजी' म्हणू लागली. कुणी कठड्याला टेकून उभं राहिलं तर ती म्हणायची, "दारात उभे राहू नका हो, उजेड अडतो."

तासाभराने तिचा मुलगा येऊन तिला घेऊन जायचा. बाजारामागच्या गल्लीत त्याचं पंख्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे, त्याला सगळे पंखेवाला म्हणतात. पन्नाशी नुकतीच ओलांडलेला, तेलकट हातांचा, भला माणूस. माझ्या घरातला प्रत्येक पंखा एकदा तरी त्याच्या हाताखालून गेला आहे. तो आईचा हात धरायचा आणि माळ्याला, रिक्षावाल्याला, माझ्यासारख्या बघ्याला सांगायचा, "माफ करा हं. घर इथं होतं म्हणते. आम्ही तर कालव्यापलीकडचे. डोकं फिरलंय, वय झालं." त्याचे वडील मागचं काही काढू द्यायचे नाहीत, झालं ते झालं म्हणायचे, ते गेले आणि मग तिचं हे सुरू झालं, असं तो सांगे.

ती बसायची ती जागा निळ्या दाराची होती आणि आवाजही तोच होता; खांबाला बांधलेलं ते पोर हेच, हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. मी रोज पलीकडच्या पदपथावरून बघायचो आणि वाचनालयात जायचो.

मग समितीने चौकात मोठा फलक लावला : 'असं होतं आपलं उपनगर'. वर माझा जुना नकाशा, पंधरा फूट रुंद. सातवा आणि आठवा तुकडा इतका बेमालूम जुळवला होता की मला स्वतःला जोड शोधावा लागला. त्या सकाळी पंखेवाला आईला कठड्यातून बाहेर आणताना फलकापाशी थांबला. रागावून नव्हे, अगदी लहान मुलाला समजवावं तसं तो म्हणाला, "हे बघ, आई. हा चौक. हा तेव्हाचा सरकारी नकाशा आहे, तू सांगतेस त्याच सालचा. इथं काय आहे? बोट लाव. काय आहे?"

ती जवळ गेली. तिचं नाक फलकाला लागेल इतकी जवळ.

"काही नाही," ती म्हणाली.

"मग?"

"मग कुणीतरी काढायचं विसरलं असेल."

"सरकारी माणसं विसरतात होय घरं? एक नाही, चौदा?"

जमलेल्यांतलं कुणीतरी हसलं. तिने वळून आमच्याकडे पाहिलं, एकेकाकडे, कुणी काही बोलतं का ते बघत. माझ्यावर तिची नजर आली, थांबली नाही, पुढं गेली. पन्नास वर्षांपूर्वीचा चोवीस वर्षांचा पोरगा ती या टकलात कशी ओळखणार? मी घसा साफ केला. शेजारचा म्हणाला, "सर्दी झाली का?" मी म्हणालो, "हो, जराशी."

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षं झाली, पण हे तिला प्रथमच कळत होतं. ती भाजी चिरायची थांबली.

"अहो, म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे की ती खरं बोलतेय."

"हो."

"आणि तिथं उभे होतात."

"हो."

"मग तोंडात काय मिठाची गुळणी धरली होती?"

"चारचौघांत कसं..."

"चारचौघांत नको, एकट्यात सांगा. त्या पंखेवाल्याला सांगा. पण सांगा. लिहीत बसू नका. तुमचं लिहून होईपर्यंत बैल गेला आणि झोपा केला."

मी लिहीत बसलो. मला वाटलं, बोलताना माझी जीभ अडखळते, तारखा चुकतात. छापून आलं तर तिचा मुलगा वाचेल, सगळेच वाचतील, आणि मला कुणाच्या डोळ्यांत बघावं लागणार नाही. हे शेवटचं कारण मी तेव्हा स्वतःशी मान्य केलं नव्हतं. इतिहासाच्या सुरुवातीलाच मी एक परिच्छेद घातला. पट्टी, पैज, चौदा घरं, निळं दार. सहा वेळा तो पुन्हा लिहिला. त्यात तीन आठवडे गेले.

अध्यक्ष 'पहिले' यांनी लेख वाचला, चष्मा कपाळावर सरकवला.

"पुस्तकराव, झकास. टँकरचं वर्णन वाचून तर आमची ही रडली. हा पहिला परिच्छेद तेवढा काढू."

"तो... तो खरा आहे."

"असेल हो. पण लग्नघरात मयताची गोष्ट काढतं का कुणी? आणि मग आमचं पहिलं घर पंधरावं होतं म्हणायचं? पाटी उतरवू की काय मी?" ते मोकळेपणाने हसले. "नकाशात आहेत का ती घरं? नाही. आणि नकाशा कुणाचा? तुमचाच. आता तुम्हीच तुमच्या नकाशाला खोटं पाडणार, उद्या लोक म्हणतील लेखकाचा एक स्क्रू ढिला आहे. तुमच्यासाठीच सांगतो."

त्यांनी लाल पेन पुढं केलं. मी ते घेतलं आणि माझ्याच हाताने त्या परिच्छेदावर रेघ मारली. इतक्या वर्षांच्या सवयीने रेघ अगदी सरळ आली.

त्याच आठवड्यात म्हातारी चौकात दिसेनाशी झाली. माळ्याने सांगितलं, दुधाच्या गाडीने ब्रेक मारला म्हणून वाचली, गुडघा तेवढा सोलला. मुलाने धसका घेतला. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून तिला शहराच्या पलीकडे म्हाताऱ्यांच्या एका केंद्रात ठेवलं आहे, पंधरा दिवस बघू म्हणाले, नाहीतर कायमचं. "दाराला बाहेरून कडी असते म्हणे," माळी म्हणाला आणि पाण्याची नळी उचलून पुढं गेला.

मी घरी हे सांगितलं तेव्हा बायकोने माझ्यापुढं ताट ठेवलं आणि ती आत गेली. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवसापासून मी दुकानाकडे जायला निघायचो. एकदा दुकानात गिऱ्हाईक होतं. एकदा नव्हतं, पण पंखेवाला फोनवर होता. एकदा मी सरळ आत गेलो आणि त्याने विचारलं, "काय काका, कुठला बिघडला?" आणि मी म्हणालो, "बैठकीतला. आवाज करतो." तो बिचारा घरी येऊन चांगला चालणारा पंखा उघडून, तेल घालून गेला.

सोळाव्या दिवशी माळ्याने सांगितलं की आजीला घरी आणलं. मी त्याच पावली गेलो. वाटेत म्हणायची वाक्यं पाठ करत होतो.

दुकानात दोन्ही बाजूंना पाती नसलेले पंखे टांगलेले. मागं एकच खोली, पडदा लावून दोन केलेली. म्हातारी पाटावर बसून जळलेल्या मोटारीतली तांब्याची तार उकलून वेगळी करत होती. बोटं भराभर चालत होती. सून कोपऱ्यात शिवणयंत्रावर होती; मला बघून उठली, खुर्ची पुसून दिली, चहा ठेवायला गेली. पंखेवाला हात पुसत आत आला.

"बोला काका. पुन्हा आवाज?"

"नाही." मी उभाच राहिलो. "तुमच्या आई सांगतात ते खरं आहे. चौकात घरं होती. चौदा. भट्टीवाल्यांची. तो नकाशा मी काढला आहे, आणि ती घरं माझ्याकडून राहिली. माझ्याकडून आणि आणखी एकाकडून. मी त्या घरी पाणी प्यायलो आहे. तुम्हाला दाराच्या खांबाला बांधलेलं होतं."

एका दमात झालं. इतकं सलग मी कुणाशीही बोललेलो नाही.

पंखेवाल्याने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मला आधार वाटला असता.

"बसा काका," तो म्हणाला. "पाणी आण गं."

"मोजणीच्या वहीत लिहिलं होतं. निळं दार."

"वही आहे?"

"कचेरी हलली तेव्हा रद्दीत गेली."

"दुसरं कुणी होतं बरोबर?"

"होता. वारला."

"आणि नकाशा तुमचाच."

"माझाच."

"मग काका, तुम्ही तेव्हा चुकलात की आता चुकताय, हे मी कसं ठरवू?" हे तो खवचटपणे बोलला नाही, खरंच विचारत होता. मग जवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाला, "तुम्ही चांगल्या मनाने आलात, कळतं मला. चौकात तुम्ही आईकडे कसे बघत राहायचा, मी पाहिलंय. पण डॉक्टरांनी बजावलंय, तिच्या बोलण्याला होकार द्यायचा नाही. महत्प्रयासाने थांबलंय आता. कुणी हो म्हटलं की पुन्हा रस्त्यात जाऊन बसेल. गाडी प्रत्येक वेळी थांबेल का?"

बाहेरून कुणीतरी हाक मारली, "अहो पंखेवाले!" तो "आलो, आलो" म्हणत दुकानात गेला. सून चहाच्या मागं होती, स्टोव्हचा आवाज होता. मी म्हातारीसमोर वाकून बसलो, गुडघे कडाकडा वाजले.

"मावशी," मी म्हणालो, "सातवं घर ना तुमचं?"

तिची बोटं थांबली नाहीत. मान वर न करता ती म्हणाली, "सहावं. सातव्यात माझी जाऊ होती."

मी काही बोलायच्या आत तिने डोळ्यांनीच पडद्याकडे खूण केली आणि भराभर, तार उकलत, बोलत राहिली, "आता विषय काढू नका, भाऊ. तिथं रोज सकाळी विचारायचे, आजी, घर कुठं होतं? मी चौकात म्हटलं की वहीत लिहायचे. चौदा दिवस लिहिलं. मग मी म्हटलं, चौकात काही नव्हतं, माझं डोकं फिरलेलं. त्या दिवशी पोराला फोन केला त्यांनी. माझं पोर वाईट नाही. सून तर गुणाची आहे. मला इथं मरायचंय, तिथं नाही. तुम्ही हो म्हणालात की माझं पुन्हा तोंड सुटेल. माझ्याच्याने राहवायचं नाही."

"पण मी त्यांना पटवून देईन..."

"कशानं?" ती म्हणाली.

पंखेवाला पडदा सारून आत आला. "काय म्हणतायत काका?"

"काय की रे," म्हातारी म्हणाली. तिने तारेचं भेंडोळं डब्यात टाकलं. आवाज एकदम पोक्त, निवांत झाला होता. "कसल्या घराचं विचारतायत. कुठलं घर आणि काय. यांचा काहीतरी घोळ होतोय बघ. वय झालं की होतं असं. यांना घरापर्यंत सोड, रस्ता ओलांडताना हात धर."

सुनेने चहा आणला. मी तो उभ्यानेच घेतला. तोंड भाजलं.

पंखेवाल्याने मला खरंच घरापर्यंत सोडलं. चौकातून जाताना त्याने माझा कोपर धरला होता, आईचा धरायचा तसाच, बोटांत फार जोर न देता. वाटेत म्हणाला, "रात्री झोप लागते ना, काका? पुस्तकं जरा कमी करा." मी म्हटलं, बघतो.

दार बायकोने उघडलं. माझ्यामागं त्याला बघून तिचा चेहरा उजळला; तिला वाटलं, काम झालं. पंखेवाला चप्पल न काढता उंबऱ्यात उभा राहिला आणि संकोचत म्हणाला, "काकू, राग मानू नका. काकांना एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या. आमच्या आईचं असंच सुरू झालं होतं. तेच चौकातलं घर. ऐकून ऐकून डोक्यात बसतं. लवकर दाखवलं की आटोक्यात येतं."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. "अहो, बोला ना," ती म्हणाली. "सांगा ना यांना."

ती वाट बघत होती, तोही बघत होता. बाजारामागच्या त्या खोलीत एक बाई पाटावर बसून तार उकलत होती, आणि तिथं तिला राहता येणं मी काय बोलतो यावर होतं. आयुष्यात प्रथमच माझ्या बोलण्यावर काहीतरी अवलंबून होतं.

"हो," मी पंखेवाल्याला म्हणालो. "माझाच घोळ झाला असेल. तिथं काही नव्हतं."

त्याला हायसं वाटलेलं दिसलं. माझ्या खांद्यावर हलकेच थोपटून तो पायऱ्या उतरला. बायको दारातच उभी राहिली. मी आत जाऊन बैठकीतला पंखा लावला आणि त्याच्याखाली बसलो. पंखा अजिबात आवाज करत नव्हता.